सोळा मीटर आणि वर थोडं

आमच्या गावचा तरणतलाव सोळा मीटरांचा
आणि वर थोडं. असा अर्धवट का बांधला
ते बांधणाऱ्यांनाच ठाऊक, आणि ते आता गेले.
पाणी जमिनीतूनच गरम येतं.
जानेवारीत वाफ इतकी, की पोहणारे दिसत नाहीत,
नुसते आवाज ये-जा करतात.

त्यातला मोजणारा आवाज हाल्बेराचा. वय चौतीस.
प्रत्येक हाताला एक आकडा, मोठ्यानं.
बाविसाव्याला भिंत.
घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा
ती भिंतीवर तळवा ठेवते, जरा थांबते, वळते.

मी घड्याळ धरतो.
हेच घड्याळ मासळीच्या कारखान्यात
तीस वर्षं माझ्या गळ्यात होतं.
मिनिटाला किती कॉड, किती खोकी, कुणाचा हात मागे.
चौदा वर्षांपूर्वी त्यात बघून
मी एका मुलीला कामावरून काढलं.
खोकी सुबक घडवायची, पण मिनिटाला चारच.
तिची आई भांडली नाही.
पांढरी टोपी तेवढी परत आणून दिली,
धुऊन, इस्त्री करून.

हो, तीच.

तिला आठवतं का, मी विचारलेलं नाही.
गेल्या शरदात सोलरूनबाई म्हणाल्या,
वेळ धरायला माणूस हवा.
तेव्हा हाल्बेराच म्हणाली,
"आउस्ग्रीमुरकडे घड्याळ आहे."
टोमणा होता की साधी माहिती,
माझं अजून ठरत नाही.

एप्रिलमध्ये अकुरेरीला गेलो. जोडीची शर्यत,
एक आमच्यातला, एक शाळेतला.
आधी हाल्बेरा, मग समोरच्या टोकाहून एयडुर,
सतरा वर्षांचा, नखं खाणारा.
तिथला तलाव पंचवीस मीटरांचा.
सांगितलं होतं तिला. लांब आहे, म्हणालो होतो.
तिनं मान हलवली होती.
लांब म्हणजे किती हात,
हे कुणी तिच्या भाषेत सांगितलं नव्हतं.

एकोणीस. वीस. एकवीस.
बाविसाव्याला तिनं तळवा पुढे केला
आणि तिथं काहीच नव्हतं.

उभी राहिली, छातीभर पाण्यात.
डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं.
बाकीच्या पट्ट्यांवरून लाटा निघून गेल्या.
बाकांवर टाळ्या सुरू झाल्या, त्या मऊ टाळ्या,
आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तशा आवाजातल्या.
ती मागे वळली, थेट माझ्याकडे.
"भिंत कुणी हलवली?"

लोक हसले. ती हसत नव्हती.
वेळ धरणाऱ्यानं बोलायचं नसतं, असा नियम आहे.
नियम नसता तरी मी काय बोललो असतो?
तिच्या पायाखालची जागा काढून घेण्यात
माझा हात जुना.

तेवढ्यात पलीकडून एयडुर ओरडला,
पालथा पडून, हात पाण्यात घालून:
"चालत आली ती! इकडे आहे!
पुन्हा एकपासून मोज!"

तिनं विचार केला. खरंच केला,
कपाळाला आठी घालून, सगळं सभागृह थांबवून.
मग: एक.

दोन. तीन. टाळ्या कुठंशा विरल्या,
बाकांवरचे लोकही मोजू लागले होते,
पुढं पुढं पळणाऱ्यांना ती पाण्यातून दटावत होती,
"सहा! अजून सहाच!"
अकराव्याला एयडुरनं आपला हात झटकन काढून घेतला,
तिला भिंतच लागावी म्हणून.

तो सूर मारून आला, भिंतीला लागला,
तरी माझा अंगठा वरच.
शेजारच्या पट्टीवरच्या बाईंना विचारून
त्यांनी आमचा आकडा लिहिला. सातांत सातवे.
बसमध्ये मी खिशात हात घातला
तर घड्याळ अजून चालत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात गारा पडत होत्या.
हाल्बेरा पाण्यात.
एकवीस, बावीस, तळवा.
"आहे," ती म्हणाली,
आणि मी वहीत नोंद करीपर्यंत
वळली नाही.